फेम्टोसेकंद स्पंदांचे फेज कॉन्जुगेशन: आधी वेळ जुळवा

फेज कॉन्जुगेशन म्हणजे प्रकाशाची फेज उलटवून तो आल्या वाटेने परत पाठवणे. सिग्नल (ज्याची प्रत हवी तो किरण) आणि पहिला पंप (मदतीचा लेसर किरण) बेरियम टायटॅनेटच्या स्फटिकात ग्रेटिंग (अपवर्तनांकाच्या बारीक पट्ट्या) लिहितात. समोरून येणारा दुसरा पंप ते वाचून सिग्नलची फेज-उलट प्रत मागे पाठवतो. 800 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी ऱ्होडियम मिसळलेला स्फटिक घ्या, ध्रुवण असाधारण (स्फटिकाचा प्रकाशीय अक्ष असलेल्या प्रतलात) ठेवा.

घोडे अडते ते वेळेपाशी. 100 फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) स्पंद हवेत जेमतेम 30 मायक्रोमीटर लांब असतो. लिहिणारे दोन्ही स्पंद एकाच क्षणी पोचले नाहीत तर ग्रेटिंग उमटतच नाही. डिले स्टेज (एका किरणाचा पथ कमी-जास्त करणारा सरकता आरसा-मंच) 5 मायक्रोमीटरच्या पावलांनी सरकवा (पथ दुप्पट बदलतो) आणि दर थांब्यावर धीर धरा: ग्रेटिंग असंख्य स्पंदांतून हळूहळू साचते, घाई केली तर शून्यबिंदू (दोन्ही स्पंद एकाच क्षणी पोचतात ती जागा) नकळत मागे पडतो. किरणांमधला कोन लहानच हवा. मोठ्या कोनात स्पंद अरुंद पट्टीतच एकमेकांवर येतात आणि परतणारी प्रतिमा कडांना कापली जाते. वाचणाऱ्या पंपाला ही शिस्त लागत नाही, कारण ग्रेटिंग स्पंद सरल्यावरही टिकते.

परतलेला स्पंद ऑटोकोरिलेटरवर (स्पंदाचा कालावधी मोजणारे उपकरण) रुंद दिसला, तर जाड ग्रेटिंगची ब्रॅग अट (ठराविक कोनात ठराविक तरंगलांबीच परतते) स्पेक्ट्रम छाटत असण्याची शक्यता मोठी. पातळ स्फटिक लावून पाहा. स्फटिक 10 अंश सेल्सिअसखाली मात्र नेऊ नका, संरचना बदलून तडे जाऊ शकतात.