इंजिन तापायला वेळ लावतंय? या चुका टाळा

डिसेंबर लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते : "टेम्परेचरचा काटा वरच येत नाही हो." निफाडकडच्या गाड्या त्यात जास्त. थंडीवर खापर फोडलं की लोक मोकळे. पण बाहेर ५ अंश असो की ४०, बहुतेक गाड्यांत कूलंट, म्हणजे इंजिनात फिरणारं गार ठेवणारं पाणी, ८०-९० अंशांच्या आसपास पोचायलाच हवं. नाशिकरोड ते गंगापूर रोड एवढं अंतर कापूनही काटा खालीच असेल, तर दोष हवेचा नाही.

सगळ्यात डोक्यात जाणारा प्रकार म्हणजे थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारा-बंद करणारा वॉल (व्हॉल्व्ह), काढून फेकणं. एका द्राक्ष बागायतदारांची डिझेल गाडी मे महिन्यात कसारा घाट चढताना गरम झाली. कुणीतरी सल्ला दिला, "वॉल काढून टाकू, कटकटच नको." जानेवारीत गाडी माझ्याकडे आली तेव्हा हीटर गार, ॲव्हरेज पडलेलं आणि काटा तळाला. थर्मोस्टॅटचं हाऊसिंग (घर) उघडलं तर आत नुसतं भोक! इंजिन थंड असताना कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणं, हेच त्या वॉलचं काम. तो नसेल तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमध्ये गार होत राहतं, ईसीयू, म्हणजे गाडीचा कंप्युटर, इंजिन थंडच समजून जास्त इंधन सोडतो. घाटातल्या गरमीचं खरं कारण वेगळंच होतं : रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि कचरा गच्च बसलेला. जाळी धुतली, नवा थर्मोस्टॅट टाकला, काटा मध्यावर येऊन थांबला. काही इंजिनांत तर वॉल काढल्यावर पाणी रेडिएटर टाळून बायपासच्या आडवाटेनंच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. हा 'जुगाड' सांगणाऱ्याला मी दारात उभा करत नाही.

दुसरी चूक नव्या पोरांची. स्कॅनरवर पी०१२८ हा एरर कोड दिसला की लगेच कूलंटचा तापमान-सेन्सर बदलायचा. अरे, तो कोड एवढंच सांगतो की कूलंट अपेक्षेइतकं तापलं नाही. सेन्सर बिघडला असं तो म्हणत नाही. मी गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी चावी फक्त ऑन करून कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान स्कॅनरवर पाहतो. दोन्ही जवळपास सारखे असतील तर सेन्सरवर शंका घेत नाही. मग इंजिन चालू करून, फॅन-बेल्टपासून हात लांब ठेवून, रेडिएटरकडे जाणारा वरचा होज (रबरी पाइप) चाचपतो. स्कॅनरवर ५० अंशसुद्धा नसताना होज कोमट लागला, तर वॉल उघडाच अडकलाय. याला धीर लागतो, आणि तोच कुणाकडे नाही.

रेडिएटरचा फॅन डायरेक्ट केलेला, म्हणजे सतत चालू राहील असा थेट जोडलेला असेल, तर ती जोडणी तोडा, रिले (फॅन चालू-बंद करणारा स्विच) बदला.

कूलंट कमी असेल तर काटा खोटं बोलतो. पातळी गार इंजिनावरच पाहा, गरम असताना झाकण उघडू नका.

इंजिन लवकर तापावं म्हणून रेडिएटरपुढे पुठ्ठा लावू नका. दुपारी काढायचा राहिला की इंजिन जास्त तापून हेड गॅस्केटचं (इंजिनातल्या सीलचं) बिल येतं.

डिझेल गाडी जागेवर घुरघुरत ठेवून तापत नाही, हळू चालवत न्या.

नवा थर्मोस्टॅट बसवताना हवेची छोटी पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, रबर रिंग नवी घ्या आणि कूलंट भरल्यावर हवा पूर्ण काढा. हवा अडकली तर हीटर गारच राहतो, आणि लोक परत येऊन म्हणतात, "पार्टच डुप्लिकेट दिला."