छोट्या रीफ टँकसाठी फिल्टर घेताय? या चुका टाळा

रीफ टँक म्हणजे प्रवाळ ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत काठोकाठ १२७ लिटर पाणी मावतं. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की उरतं साधारण १०० लिटर. पुढचा सगळा हिशोब या शंभर लिटरचा.

गोड्या पाण्याच्या सवयीने कॅनिस्टर घेणं

गोड्या पाण्यात कॅनिस्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा फिल्टर) दोन महिने उघडला नाही तरी खपून जातं. रीफमध्ये त्याच्या स्पंजात अडकलेलं खाणं आणि विष्ठा तिथेच कुजते आणि त्याचं नायट्रेट होऊन टाकीत परत येतं. पाणी बदलूनही नायट्रेट चढतच असेल तर आधी कॅनिस्टर उघडा. तो घरात आहेच, तर दर १५ दिवसांनी धुवा आणि आतल्या, जीवाणू वाढायच्या सिरॅमिक रिंगा एकदम न काढता दोन-दोन आठवड्यांनी थोड्या थोड्या कमी करा. दोन-तीन तास वीज गेली तर आतला ऑक्सिजन संपतो; पंप सुरू करण्याआधी ते पाणी ओतून टाका.

जैविक काम (जीवाणूंनी घाण पचवणं) सच्छिद्र दगडांवर सोडा, १० लिटरला साधारण १ किलो. मालवणला प्रवाळ आहेत म्हणून तिथून दगड उचलून आणायचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार प्रवाळांना संरक्षण आहे. कोरडा सिरॅमिक दगड आणि बाटलीतले जीवाणू यांनी काम होतं, फक्त अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत ४ ते ६ आठवडे लागतात.

स्किमरला दोष देणं

स्किमर बुडबुड्यांच्या फेसात घाण पकडून वरच्या कपात काढतो. नवा स्किमर पहिले एक-दोन आठवडे नीट फेस काढत नाही. तो बिघडलेला नसतो, आतल्या प्लास्टिकवर अजून थर बसायचा असतो. रोज व्हॉल्व्ह फिरवत बसू नका.

खरी अडचण बहुतेक वेळा पाण्याच्या पातळीची असते. स्किमरला ठरावीक खोली लागते, आणि बाष्पीभवनाने खाली जाणारी पातळी सम्पच्या (मुख्य टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीच्या) शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात दिसते. स्किमर तिथे ठेवला तर तो आज उतू जातो, उद्या कोरडा. तो कप्पे वेगळे करणाऱ्या आडव्या काचेच्या अलीकडच्या कप्प्यात ठेवा.

चांगला चालणारा स्किमर अचानक थंडावला, तर कपाच्या मानेत बोट फिरवून बघा. तपकिरी चिकट थर लागला तर फेस वर चढत नाही. मान दर तीन दिवसांनी पुसायची. तरीही बुडबुडे कमी वाटले तर हवेच्या नळीत मीठ साचलंय. स्किमर चालू असताना नळीचं टोक कपभर कोमट गोड्या पाण्यात बुडवा, पंप ते पाणी ओढून मीठ विरघळवतो.

पंपाचा खोक्यावरचा आकडा

‘ताशी १००० लिटर’ हा आकडा शून्य उंचीवरचा. सम्प ते टाकी १.२ मीटर आणि पंप पाणी चढवू शकतो ती कमाल उंची १.५ मीटर असेल तर वर जेमतेम धार पोचते. आपल्याला हवेत टाकीत पोचलेले ताशी ५०० ते ८०० लिटर, म्हणजे २००० लिटरचा आणि किमान २.४ मीटरपर्यंत पाणी चढवणारा पंप बघा. खात्री करायची तर १० लिटरची बादली लावा: एका मिनिटात भरली तर ताशी ६०० लिटर. प्रवाळांना लागणारा जोराचा प्रवाह वेव्हमेकरने (टाकीतच पाणी ढवळणाऱ्या पंख्याने) द्या, तो या पंपाकडून मागू नका.

वीज गेल्यावर काय होईल, हे न तपासणं

पंप थांबला की टाकीतलं पाणी परतीच्या नळीतून उलटं सम्पमध्ये येतं. या टाकीत पातळी सेंटिमीटरभर उतरली की २.८ लिटर. नळीचं तोंड ५ सेंमी खोल असेल तर साधारण १४ लिटर, शिवाय ओव्हरफ्लोचं (टाकीतून सम्पमध्ये पाणी उतरवणाऱ्या कप्प्याचं) वेगळं. म्हणून सम्पमध्ये २० लिटर जागा रिकामी ठेवा आणि नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ५ मिमीचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. भोकात शेवाळ साचतं, दर आठवड्याला टूथपिकने साफ करा. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं येऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, चुन्याचा एक कण अडकला तरी तो पुरता मिटत नाही. मासे सोडायच्या आधी प्लग काढून दहा मिनिटं उभे राहा, सम्पच्या काठावर नजर ठेवून.