सर्व्हेचं इन्फोग्राफिक करताय? मग आधी ‘कितीपैकी’ लिहा

मागच्या वर्षी आमच्या ग्रुपच्या सर्व्हेचं इन्फोग्राफिक, म्हणजे आकडे चित्रांत मांडलेलं पोस्टर, कॉलेजच्या हॉलमध्ये लागलं होतं. दोन बाय तीन फुटाचं, मस्त केशरी, मधोमध भला मोठा ७२% आणि त्याच्याखाली ‘नागपूरच्या मुली संध्याकाळी सातनंतर सिटी बस टाळतात’. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम समोर थांबल्या, चष्मा डोक्यावर केला आणि एवढंच विचारलं, “कितीपैकी गं?” मी म्हटलं, ७२ टक्के मॅडम. त्या म्हणे, “ते दिसून राहिलं मला. कितीपैकी?” आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे. शेवटी मोबाइलवर उत्तरांची शीट उघडली तं कळलं की तो प्रश्न फक्त मुलींना होता, २५ जणींनी उत्तर दिलं होतं, त्यातल्या १८. त्यातही अर्ध्या आमच्याच वर्गातल्या. २०११ च्या जनगणनेत २४ लाखांवर लोकसंख्या मोजलेलं शहर, अन् आम्ही २५ पोरींच्या जिवावर त्याचा निकाल लावून मोकळे.

या वर्षी ज्युनिअर मंडळी रोज विचारून राहिली, ताई काय काय लागते, कशी सुरुवात करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, परत विचारू नका.

विषय ठरवणं, सरांची सही, ग्रुपमध्ये कोण काय करणार, हे तुम्हाला कळतंच. आमचा विषय होता कॉलेजला कसे येता. मेट्रो, ‘आपली बस’ (सिटी बसचं नावच ते), टू-व्हीलर, शेअर ऑटो, सायकल, सगळं त्यात.

फॉर्म पाठवायच्या आधी वहीच्या मागच्या पानावर चार्ट काढा. हो, आकडे नसताना. कारण प्रश्न कसा विचारला यावर चार्ट कोणता येईल हे ठरतं, आणि ते नंतर बदलता येत नाही. गूगल फॉर्ममध्ये एकच उत्तर निवडायचं असेल तर गोल पाय चार्ट येतो, चेकबॉक्स दिले तर आडव्या पट्ट्या येतात, आणि त्या पट्ट्यांची बेरीज १०० टक्क्यांच्या वर जाते, जायलाच पाहिजे, कारण एकच माणूस खापरीहून बर्डीपर्यंत मेट्रोनं येतो आणि पुढे ऑटो करतो, म्हणजे दोन टिक. आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्हाला गोल पाहिजे होता कारण गोल छान दिसतो. मग आम्ही चेकबॉक्सचे आकडे उचलून पायमध्ये टाकले. ६४ माणसं होती, टिक झाले १०३. टू-व्हीलरवाले ४०. आता ६४ पैकी ४० म्हणजे साडेबासष्ट टक्के, पण पाय चार्टला बिचाऱ्याला माणसं कळत नाहीत, त्यानं १०३ चे तुकडे केले आणि टू-व्हीलरला ३९% दिले. म्हणजे निम्म्याहून जास्त पोरं गाडीवर येऊन राहिली आणि आमचं पोस्टर सांगतंय की नाही बाप्पा, अर्धीसुद्धा नाहीत. बघा, इथंही घोटाळा तोच. कितीपैकी? टिकांपैकी की माणसांपैकी? चेकबॉक्सचा प्रश्न असेल तर पाय नाही म्हणजे नाही, पट्ट्याच, आणि खाली ‘एकाहून जास्त उत्तरं चालत होती, एकूण ६४ जण’ हे लिहायचं.

पर्यायांमध्ये स्वल्पविराम टाकू नका. चेकबॉक्सची उत्तरं शीटमध्ये एकाच खान्यात स्वल्पविरामानं जोडून येतात. तुम्ही पर्याय लिहिला ‘शेअर ऑटो, ई-रिक्षा’ की वेगळे करताना त्याचे दोन तुकडे झाले, बसा मग हातानं निवडत. आणि मोजताना काउंटइफ (शीटचं मोजायचं सूत्र) वापराल तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना ताऱ्याची खूण लावावी लागते, नाही तर ज्यांनी फक्त तेवढंच निवडलं तेच मोजले जातात. पण तारा लावून नुसतं ‘बस’ शोधाल तर ‘आपली बस’ही मोजली जाते आणि कॉलेजची बसही. आमच्या दोन बस अशाच एक झाल्या होत्या.

फॉर्म कुणाकडे पाठवता ते बघा. आम्ही वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, मग मैत्रिणींच्या, मग हॉस्टेलच्या. हॉस्टेलवाल्या तर चालतच येतात, त्यांना बस काय आणि मेट्रो काय. १९३६ ची अमेरिकेतली गोष्ट आम्हाला नंतर वर्गात शिकवली, लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं जवळपास एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, आणि त्यांनी सांगितलं राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून, त्या मंदीच्या काळात ज्यांच्याकडे हे होतं ते खाऊनपिऊन सुखी लोक, आणि त्यातूनही उत्तर पाठवलं ते ज्यांना हौस होती त्यांनी. वीस लाख असून चुकले तर तुमचे ६४ कोणत्या झाडाचा पाला. मी असं नाही म्हणत की मोठा सर्व्हे करा, तेवढा वेळ कुणाकडे आहे, सबमिशन तोंडावर असते. फक्त जे आहेत ते लिहा. ‘आमच्या कॉलेजच्या तीन वर्गांतले ६४ विद्यार्थी, अमुक आठवड्यात, ऑनलाइन फॉर्मवर.’ शीर्षकात ‘नागपूरकर’ लिहायचा मोह होईल, तो टाळा. ‘नागपूरकर’ लिहिलं की दिघोरीपासून वाडीपर्यंतचे सगळे आले, आणि त्यांना तुम्ही विचारलेलंच नाही.

आता शीट साफ करा. आधी ओरिजनल शीटची कॉपी, मग कॉपीतच काम. फॉर्म चालतो का बघायला तुम्ही स्वतःच भरलेल्या उत्तरांच्या ओळी काढा. आमच्या ६७ मधल्या तीन आमच्याच होत्या, एकीत नावाच्या जागी नुसतं ‘हहहह’. ‘इतर’ मध्ये लोक काहीही लिहितात, मेट्रो, मेट्रोने, मॅट्रो, ‘पप्पा सोडतात’ (हे टू-व्हीलर की कार? आम्ही अर्धा तास भांडलो), ते एकसारखं करा आणि काय कशात टाकलं ते बाजूला लिहून ठेवा, कारण कुणीतरी विचारतं. मोबाइल नंबर, ईमेल हे कॉलम कॉपीतून उडवा. आणि एक अजून, उत्तरांचे गट फार बारीक कापू नका. ‘तिसरं वर्ष, मुलगी, कळमेश्वरहून येणारी’ अशी एकच असते, मग नाव न लिहिताही सगळ्या वर्गाला कळतं कोण ती. आमच्या एका मैत्रिणीचं असंच झालं, तिनं लिहिलेलं वाक्य आम्ही तसंच्या तसं पोस्टरवर टाकलं होतं, चार दिवस बोलली नाही.

आता परत तेच, आणि या वेळेस पेन घेऊन बसा. शीटमध्ये प्रत्येक प्रश्नाच्या खाली एक ओळ वाढवा आणि तिला नाव द्या ‘कितीपैकी’. पूर्ण सर्व्हेची एकच संख्या नाही, प्रत्येक प्रश्नाची वेगळी. लोक प्रश्न सोडतात. ‘मेट्रो वापरता का’ ला ६४ उत्तरं असतील तर ‘वापरत असाल तर आठवड्यातून किती दिवस’ ला वीसेक येतील, कारण बाकीच्यांना तो प्रश्न लागूच नाही. मग ‘५०% रोज मेट्रोनं येतात’ हे सगळ्यांपैकी ५० नाही, मेट्रोवाल्यांपैकी ५० आहे. या दोन वाक्यांत किती फरक आहे तो मला मॅडमसमोर उभं राहून कळला, तुम्हाला शीटसमोर बसून कळू द्या. टक्का लिहिला की शेजारच्या खान्यात कितीपैकी. टक्का लिहिला की कितीपैकी. सवयच लावून घ्या.

आणि संख्या लहान असेल तर टक्के लिहूच नका. २५ जणी असतील तर एक मुलगी म्हणजे चार टक्के, एखादीनं घाईत चुकीचं बटण दाबलं तर तुमचा निष्कर्ष चार टक्क्यांनी हलतो. ‘२५ पैकी १८’ लिहा सरळ. वाचणाऱ्याला जास्त कळतं आणि कुणी उलटून विचारत नाही. ७२.००% असं दोन शून्यांसकट लिहिणारे पण पाहिलेत मी, त्यांना काय बोलावं.

पोस्टरवर एकच मुख्य गोष्ट. आमच्यावर अकरा चार्ट होते कारण चौघांना आपापला चार्ट जीव की प्राण. तीन-चार बस झाले, बाकीचे रिपोर्टमध्ये टाका.

चित्रांबद्दल सांगायलाच पाहिजे, कारण नागपूर म्हटलं की सगळ्यांना संत्रं सुचतं. आम्हालाही सुचलं. एका गटाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट होता, म्हणून मी दुसरं संत्रं कोपऱ्याला धरून दुप्पट उंच केलं. पण कोपऱ्यातून ओढलं की रुंदीपण दुप्पट होते, म्हणजे कागदावर संत्रं चौपट जागा खातं, आणि डोळा जागा मोजतो, उंची नाही. एक लिंबाएवढं आणि एक टरबुजाएवढं दिसून राहिलं होतं. दुप्पट दाखवायचं तर उंची आणि रुंदी दोन्ही १.४ पट करा, नाही तर सोपं काम, एकाच मापाची संत्री ओळीनं मांडा, एक संत्रं म्हणजे दोन विद्यार्थी, आणि मोजू द्या लोकांना. पट्ट्या काढल्या तर शून्यापासून सुरू करा, ४० पासून सुरू करून फरक फुगवायचा नाही, हे सर लगेच पकडतात. पट्ट्या मोठीपासून लहान अशा लावा, पण ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ किंवा वयाचे गट असतील तर त्यांचा क्रम मोडू नका.

रंग दोन किंवा तीन. लाल आणि हिरवा शेजारी शेजारी नको, काही जणांना, त्यातही पोरांना जास्त, तो फरकच दिसत नाही. तपासायला ॲप नको, काळी-पांढरी झेरॉक्स काढा, झेरॉक्समध्ये दोन पट्ट्या सारख्या दिसल्या की रंग बदला. दहाही रुपये लागत नाहीत.

फॉन्ट. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी, हे फुकट आहेत आणि चांगले आहेत. दोनच्या वर फॉन्ट नको. स्क्रीनवर अक्षर मोठं वाटतं, भिंतीवर लागलं की चार पावलांवरून वाचता येत नाही, म्हणून एक तुकडा खऱ्या मापात ए-फोरवर छापून भिंतीला चिकटवा आणि मागे जाऊन बघा. आणि ते ‘कितीपैकी’ मुंगीएवढं करून तळाशी लपवू नका, चार्टच्या नावाखालीच पाहिजे, नाव वाचलं की लगेच दिसलं पाहिजे. मी या वर्षी एका ग्रुपचं पाहिलं, लिहिलंय, पण करड्यावर करडं, सहा पॉइंटमध्ये. ते न लिहिल्यासारखंच.

छपाईचं पटपट सांगते, जेवायला बोलवून राहिले. फाइल पीडीएफ द्या, उघडी डिझाइन फाइल देऊ नका, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला की वेलांटी एकीकडे अन् अक्षर एकीकडे. आमच्या ‘विद्यार्थी’चं काय झालं होतं ते इथं लिहीत नाही. छापायच्या आधी त्यांच्या स्क्रीनवर स्वतः उभं राहून वाचा, जोडाक्षरं खास करून. स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर मातकट येतो, त्याची तयारी ठेवा, छोटा नमुना काढून घ्या. फोटो, लोगो व्हॉट्सअॅपवरून उचललेले नको, फुटतात. शेवटच्या दिवशी बर्डीवर सगळीच कॉलेजं प्रिंटला आलेली असतात, दोन दिवस आधी जा. उन्हाळ्यात असेल तर गुंडाळी डिक्कीत ठेवून जेवायला जाऊ नका, फ्लेक्सचं ठीक, पण चिकटवलेलं सगळं सुटून येतं.

फाइल देण्याआधी ग्रुपबाहेरच्या एखाद्याला पकडा, ज्यानं काहीच पाहिलेलं नाही, आणि त्याला सांगा पोस्टरवरच्या प्रत्येक आकड्यावर बोट ठेव आणि फक्त ‘कितीपैकी’ विचार. उत्तर तोंडानं द्यावं लागलं म्हणजे पोस्टरवर नाही. तुम्ही बोलू नका, लिहा.

पेनड्राइव्ह दोन. गूगल ड्राइव्हवर एक कॉपी. आणि प्रदर्शनाच्या दिवशी खिशात एक काळा परमनंट मार्कर ठेवा. एवढं सांगूनही कुठंतरी कितीपैकी राहिलेलं असणार, ते परीक्षक यायच्या आधी हातानं लिहिता येतं.