ओआरएसची बैठक: वाचता येणाऱ्यांना आणि न येणाऱ्यांना एकत्र कसं शिकवावं

पुण्यात जनता वसाहतीतली बैठक असो की वाघोलीकडच्या मजुरांच्या कॅम्पमधली, एकाच सतरंजीवर बारावी झालेली सून असते, सहीच्या जागी अंगठा लावणारी आजी असते आणि कानडी वाचणारा पण मराठी न वाचता येणारा गवंडीही असतो. कुणी पाहून शिकतं, कुणी ऐकून, असं म्हणून माणसांचे गट पाडायची पद्धत आहे. पण ज्याच्या-त्याच्या शैलीनुसार शिकवल्याने जास्त समजतं, याला भक्कम पुरावा नाही. तेव्हा सगळ्यांनाच सांगा, दाखवा आणि त्यांच्या हातून करून घ्या. जुलाब झालेल्या मुलासाठी ओआरएस, म्हणजे पाकिटातली मीठ-साखरेची पूड पाण्यात कालवून पाजायचं पाणी, बनवणं शिकवायचं आहे असं धरू.

आधी एकच काम ठरवा

जंतू, हात धुणं, झिंकच्या गोळ्या, शौचालय हे सगळं एका बैठकीत कोंबलं तर घरी काहीच पोचत नाही. आपल्या वहीत लिहा: "उठताना प्रत्येकाला एक पाकीट योग्य पाण्यात कालवता आलं पाहिजे." बाकीचं पुढच्या वेळी.

दहा-बारा माणसं आणि पंचवीस मिनिटं पुरतात. धुणीभांडी करणाऱ्या बायका कधी मोकळ्या होतात आणि नळाला पाणी कधी येतं, हे अंगणवाडीताईंना विचारूनच वेळ ठरवा. येताना घरातलं रोजचं भांडं आणायला सांगा. तुम्ही पाकिटं, चमचा, उकळून गार केलेलं पाणी आणि एक लिटरची बाटली न्या.

"वाचता कुणाला येतं?" असं विचारू नका

चारचौघांत हा प्रश्न माणसाला खाली मान घालायला लावतो. पाकीट सगळ्यांच्या हातात द्या आणि "हे किती पाण्यात टाकाल?" एवढंच विचारा. कुणी "चष्मा घरी राहिला" म्हणेल, कुणी शेजारणीकडे पाहील. तुम्हाला अंदाज येतो आणि कुणाचाच मान जात नाही.

मोजमाप त्यांच्या भांड्यात दाखवा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नेहमीचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, पण 200 मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. दोन्ही शेजारी ठेवून फरक दाखवा. "एक लिटर" हे नुसतं तोंडी सांगून उपयोग नाही; तांब्या कुणाचा लहान, कुणाचा मोठा. बाटलीभर पाणी प्रत्येकीच्या पातेल्यात ओता आणि पाणी जिथवर आलं तिथे बाहेरून खिळ्याने किंवा रंगाने खूण करून द्या. मग अख्खं पाकीट त्यात रिकामं करायला लावा.

मोठं पाकीट पेल्यात कालवलं, तर मीठ-साखर फार घट्ट होते, शरीरातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. रक्तातलं मीठही वाढतं. तान्ह्या बाळाला ते फार धोक्याचं. असं घट्ट पाणी मोठ्या माणसांना घोटभर चाखायला द्या, मग बरोबर कालवलेलं द्या. जिभेला कळलेला फरक लक्षात राहतो. कालवलेलं पाणी 24 तासांनंतर ओतून टाकायचं, हेही त्याच वेळी सांगा.

चित्रांचा कागद

चारच चित्रं, एका पानावर, प्रत्येकाखाली पाच-सहा शब्द, अक्षर ठसठशीत. चुकीची कृती काढून त्यावर लाल फुली मारू नका. फुली न कळणारा माणूस तीच कृती करायची समजतो. नुसता सुटा हात काढण्यापेक्षा अख्खी बाई काढा, भांडी वस्तीत दिसतात तशीच. छापण्याआधी तिथल्याच तीन-चार जणांना विचारा, "यात काय चाललंय?" उत्तर भलतंच आलं तर चित्र बदला.

"समजलं का?" ऐवजी

"समजलं का?" या प्रश्नाला माना हलतात, त्यातून काही कळत नाही. म्हणा: "ताई, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी सासूबाईंना कसं दाखवाल, करून दाखवा." एकीने केलं म्हणजे सगळ्यांना आलं असं धरू नका, मागे गप्प बसलेल्यांकडूनही करून घ्या. कुणी अडलं तर शेजारणीला त्यांच्या भाषेत सांगू द्या. हिंदी-कानडी घरांत ते जास्त पटकन पोचतं.

उठण्याआधी एवढं सांगाच: मूल सुस्त पडलं, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर तडक दवाखान्यात न्या, वाटेत ओआरएस पाजता येत असेल तर पाजत राहा.

आठवड्याने तीन-चार घरी जा आणि पाकीट कालवून दाखवायला सांगा. खूण असूनही पाणी अंदाजेच घेतलं जात असेल, तर पुढच्या बैठकीत निम्मा वेळ फक्त भांड्यात पाणी मोजण्याला द्या.