महागडे लेदर बूट घेताना माप कसं पारखावं

लग्नासाठी आठ-दहा हजारांचे बूट घ्यायचे आणि वरातीतच ते करंगळीला चावायचे, हे आपल्याकडे फार होतं. वर्षभर चपला-सँडलवर वावरलेल्या मराठवाड्यातल्या पायाचा चवडा पसरलेला असतो. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभर पावलांची मापं घेतली, तेव्हाही भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असल्याचंच दिसलं. आठ नंबर आवळतोय म्हटलं की दुकानदार नऊ काढून देतो. पण एका नंबराला बूट साधारण साडेआठ मिलिमीटर लांब होतो, रुंदी मात्र जेमतेम वाढते. रुंद पायाला लांब बूट हा उपाय नाही.

१. पाय घरीच मोजा, तेही संध्याकाळी. दिवसभरात पाय सुजतात, आणि मे महिन्याच्या उन्हात तर जास्तच. कागद भिंतीला टेकवा, टाच भिंतीला लावून त्यावर उभे राहा आणि पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ ओढा. बसून मोजू नका. अंगाचं वजन पडल्याशिवाय पाऊल पसरत नाही. दोन्ही पायांत फरक निघाला तर मोठा पाय धरा.

२. दुकानात जाताना बुटांवर घालणार तेच पातळ मोजे घाला.

३. आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक जण पुढे बोटांपाशी दाबून बघतात, पण खरं माप चवड्यात असतं. बूट घालून चवड्यावर उभे राहा. बूट जिथे दुमडतो, तिथेच अंगठ्याच्या मुळाचा सांधा यायला हवा. सांधा त्याच्या पुढे गेला तर बूट आखूड आहे, मागे राहिला तर लांब. हे जुळलं आणि तरी बाजूने आवळत असेल, तर नंबर वाढवू नका, त्याच नंबरात जास्त रुंदी मागा. युके मापात एफ, जी, एच अशा रुंदी असतात. लातूर-नांदेडच्या बऱ्याच दुकानांत एकच रुंदी ठेवतात. मग दुसऱ्या कंपनीचा बूट घालून बघा. ज्या कलबुतावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बूट बेततात, त्याचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो.

४. नाडी बांधा. ऑक्सफर्ड म्हणजे नाडीच्या पट्ट्या खालून शिवलेला बूट; त्याच्या दोन्ही कडांमध्ये बोटभर फट राहिली तर हरकत नाही. त्याहून जास्त फाकत असेल तर पायाची वरची बाजू उंच आहे. अशा पायाला डर्बी बरा; त्याच्या पट्ट्या वरून शिवलेल्या असतात, म्हणून तो जास्त उघडतो. नव्या बुटाच्या कडा पूर्ण मिटल्या तर तो नंतर सैल होणार.

५. गालिच्यावर नको, फरशीवर चाला. टाच किंचित हलली तर चालेल, निसटायला नको. ‘वापरून सैल होतील’ हे अर्धंच खरं आहे: चामडं रुंदीत थोडं सैलावतं, लांबीत नाही. करंगळी दुकानातच दुखत असेल तर पैसे देऊ नका.

ऑनलाइन मागवलेत तर घरात सतरंजीवर चालून बघा. तळ घासला गेला की बूट परत घेत नाहीत.