कादंबरी स्टेजवर आणायचीये? आधी पुस्तक मिटा

संहिता लिहायला बसायच्या आधी पुस्तक मिटून कपाटात ठेवा आणि ज्याने ते वाचलेलं नाही अशा कोणालातरी गोष्ट तोंडी सांगा, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून. अर्धा तास बास. नंतर ऐका. जे प्रसंग तुम्ही रंगात येऊन सांगितलेत ते नाटकात येणार, आणि जिथे 'मग बरंच काय काय होतं' म्हणून पुढे पळालात तो भाग गाळायचा, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो. मी हे ह. ना. आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' वर केलं होतं, आमच्या हौशी ग्रुपसाठी, तर एवढ्या जाडजूड पुस्तकातून हातात उरले अकरा प्रसंग. अकरा पुरतात, दोन अंकाला जास्तच होतात खरं तर. ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती, तिच्या वाचकाला फाटे फुटलेले चालायचे. आपला प्रेक्षक सव्वादोन तास एका खुर्चीत अडकलेला असतो आणि त्याला मधे वडा पण खायचा असतो.

कागदपत्रांचं पटकन सांगून टाकते. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतात. हरिभाऊ आपटे १९१९ ला गेले, तिथे प्रश्नच नाही. पण परदेशी नाटक घेणार असाल तर मूळ नाटक मोकळं असलं तरी त्याच्या मराठी अनुवादाचे हक्क वेगळे असतात, इथे भलेभले अडकतात. आणि महाराष्ट्रात जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते तालमी चालू असतानाच उरकून घ्या, शेवटच्या आठवड्यात धावपळ नको.

आता खरी डोकेदुखी. 'पण लक्षात कोण घेतो' ही सगळी गोष्ट तिची नायिका यमू स्वतः सांगते, मी, मला, माझं. यावर सगळ्यांना पहिल्यांदा सुचणारा उपाय म्हणजे स्टेजच्या कोपऱ्यात एक बाई वही घेऊन बसवायची, तिच्यावर स्पॉट, ती वाचणार आणि मागे बाकीचे ते करून दाखवणार. कृपया नको. प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा कळते आणि दोन्ही वेळा अर्धवट कळते. आम्ही दोन यमू घेतल्या, एक जगणारी आणि एक लिहिणारी, आणि लिहिणारीला वाक्यं जवळपास ठेवलीच नाहीत, कामं दिली. ती लहान यमूला पाट मांडून देते, दिवा हातात देते, बाहेर निघालेल्या नवऱ्याची पगडी उचलून तिच्याकडे देते. हा माणूस पुढे मरणार आहे हे लिहिणारीला माहितीये, समोरच्या पोरीला नाही. पगडी देताना ती एक क्षण जास्त धरून ठेवते, बस, एवढंच. दीड पान निवेदन टळलं आमचं. तेव्हा कादंबरीत जिथे जिथे 'मला वाटलं' येतं तिथे नटाला काय वाटतंय हे विचारत बसू नका, तेव्हा त्याच्या हातात काय आहे ते विचारा. निवडायचे तांदूळ, दुमडायचं धोतर, काहीही. हात रिकामे असतील तर प्रवेश परत लिहा.

भाषेचं मात्र उलट. ती सगळी सोपी करायला जाऊ नका. त्या काळची बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तुम्ही पण म्हणत नाही, 'इकडून केव्हा येणं झालं' अशी बोलते. आजच्या मुलींना हे म्हणताना फिस्सकन हसू येतं, येऊ द्या, दोन दिवस हसून घेऊ द्या. मग एवढंच विचारा की समोरच्या माणसाला नाव नाही, तू नाही, तुम्ही नाही, तर बोलताना बघणार कुठे? मान आपोआप वळते, नजर दाराच्या चौकटीवर नाहीतर हातातल्या तांब्यावर जाते. अर्धं ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं, कुठे वळायचं ते, त्या एका शब्दाने करून दिलं. आणि नंतर मुंबईच्या बिऱ्हाडात आमची यमू तोच शब्द नवऱ्याकडे सरळ बघून म्हणते, तर मागच्या रांगेतल्या माणसाला पण कळतं की काहीतरी बदललंय. 'इकडून'चं 'अहो' केलं असतं तर हे गेलं असतं. बाकी नऊवारी पहिल्या तालमीपासून नेसायला लावा, जीन्समधे बसवलेलं बसणं-उठणं रंगीत तालमीला सगळं कोसळतं.

यमूचं केशवपन दाखवायचं का यावर आमच्यात जाम भांडणं झाली. मी नाही दाखवलं. आधी वेणी घालण्याचे तीन छोटे तुकडे पेरले, आई, मैत्रीण आणि मग ती स्वतः, आणि त्या प्रसंगाला स्टेजवर फक्त तोच पाट, तीच फणी आणि घरातली माणसं आपापली कामं करतायत. विगचा खर्च पण वाचला, खोटं कशाला बोलू.

परदेशी कलाकृती घेणार असाल तर जॉनचा जनार्दन केला की रूपांतर झालं असं नसतं. शिरवाडकरांचं 'नटसम्राट' बघा, १९७० चं. शेक्सपिअरच्या लिअर राजाची छाया आहे पण राज्य टाकलं, तीन मुलींच्या जागी एक मुलगा एक मुलगी, आणि राज्याच्या जागी म्हाताऱ्या नटाची पुंजी. टिकलं काय, तर बापाने हयातीतच सगळं वाटून टाकणं, जे आपल्याकडे प्रत्येक सोसायटीत एका तरी घरात घडलेलं असतं. तुमच्या नाटकातली अशी एकच कृती शोधा आणि ती सोडून काहीही बदला.

स्वतः दिग्दर्शक असून काम पण करायचं असेल तर छोटं घ्या. मी एकदा हावरटपणा करून मुख्य भूमिका घेतली होती आणि प्रयोगाचा व्हिडिओ बघितला तेव्हा कळलं की माझ्या मागे उभे असलेले चौघंजण पूर्ण प्रवेशभर तसेच उभे होते, कोणाला हलवायचं माझ्या डोक्यातच नाही, मी आपली पल्लेदार वाक्यं टाकतेय. आता ब्लॉकिंग होईपर्यंत माझ्या जागी बदली नट उभा करते आणि समोर बसते, आणि शेवटचे दहा दिवस समोर बसणाऱ्या दुसऱ्या कोणाचातरी शब्द अंतिम. तो माझं वाक्य कापतो म्हणाला तर कापायचं, तोंड न वाकडं करता. (तोंड वाकडं होतंच.)

पहिल्या रनथ्रूला, म्हणजे न थांबता पूर्ण नाटक करून बघाल तेव्हा, तीन तास होणार, घाबरू नका. कुठे कापायचं हे नटच सांगतात, न सांगता. पंधरा तालमी झाल्यावरही जे वाक्य एखादा नट दर वेळी विसरतो आणि विसरून सुद्धा समोरच्याचं काही अडत नाही, ते पेन्सिलने खोडायचं. आमची जवळजवळ वीस मिनिटं अशी गेली. फक्त बेरकी नटांवर लक्ष ठेवा, ही युक्ती कळली की ते नको असलेली वाक्यं मुद्दाम विसरायला लागतात.