घोड्याला माश्या आणि चावऱ्या किड्यांपासून कसं वाचवावं : मुंबईच्या पावसाळ्यासाठी

जुलैतल्या एखाद्या दुपारी पागेत जाऊन घोड्यासमोर एक मिनिट नुसतं उभं राहा आणि तो किती वेळा पाय आपटतो ते मोजा. गेल्या पावसाळ्यात आमची पांढरी घोडी, चांदणी, मिनिटाला वीस-बावीस वेळा पाय आपटायची. पुढचा उजवा, मग मागचा डावा, पुन्हा पुढचा. तोंडाला चंदीचा तोबरा बांधलेला, पण खाण्यात लक्ष नाही. महिन्याभरात तिच्या बरगड्या हाताला लागू लागल्या.

आजोबा व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, चालवायचे, म्हणून घरात घोडा पहिल्यापासूनच. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया बंद करायला सांगितल्यावर गाडी गेली, घोडी राहिली. महालक्ष्मीच्या शर्यतीचे घोडे पावसाळ्यात पुण्याला जातात. लग्नाच्या वरातीच्या घोड्या, रपेटीचे घोडे आणि हौसेने पाळलेले घोडे मात्र इथेच, या दमट हवेत चार महिने काढतात. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

मी सुरुवात औषधाच्या बाटलीपासून केली होती, आणि तिथेच चुकलो. बाटली सगळ्यात शेवटी येते.

आधी ओळखा, कोण चावतंय

घोड्याच्या अंगावर बसणारी प्रत्येक माशी सारखी नसते आणि एकाच उपायाने सगळ्या जात नाहीत.

डोळ्यांच्या कडेला आणि जखमेवर घोळका करते ती साधी घरमाशी. ती चावत नाही, पण डोळ्यातलं पाणी आणि जखमेतला पू चाटते, आणि एका घोड्याचे डोळे आले की दुसऱ्यालाही देते.

तबेल्यातली चावरी माशी दिसायला अगदी घरमाशीसारखी. निरखून पाहिलंत तर तोंडातून पुढे आलेली काळी, टोकदार सोंड दिसेल. नर-मादी दोघंही रक्त पितात, आणि त्यांना हवे असतात घोड्याचे पाय. घोडा पाय आपटतोय म्हणजे बहुतेक वेळा हीच माशी. चांदणीच्या गुडघ्याखाली मी एकदा हात फिरवला तर तळव्याला रक्ताचे बारीक ठिपके लागले. तोवर मी त्या घरमाश्याच समजत होतो.

घोडमाशी मोठी, जाड, दिवसाउजेडी उडणारी. तिची फक्त मादी चावते, पण कातडी कापूनच रक्त काढते, त्यामुळे घोडा एकदम उसळतो. आरेच्या झाडीत किंवा माथेरानच्या वाटेवर ती जास्त भेटते. काळोख्या पागेत ती सहसा शिरत नाही.

चिलटं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे किडे. संध्याकाळी आणि पहाटे येतात. यांच्या चावण्याची काही घोड्यांना ॲलर्जी असते. असा घोडा आयाळ आणि शेपटीचं मूळ खांबाला घासून घासून केस घालवतो. डास सगळ्यांना माहीत आहेतच.

पहिली पायरी : ओला पेंढा शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक मध्यम घोडा दिवसाला पंधरा-वीस किलो लीद टाकतो. ती आपण उचलतो, ढीग दिसतो म्हणून. चावरी माशी मात्र मुतात भिजून कुजलेल्या पेंढ्यात, सांडलेल्या कडब्यात, लीद आणि गवत एकत्र दबलेल्या जागी अंडी घालते. तिथे झाडू पोचत नाही.

आमच्याकडे पाण्याचा पिंप एका कोपऱ्यात होता. घोडी सांभाळणारा मोतद्दार रोज पागा झाडायचा, मी स्वतः बघायचो, जमीन स्वच्छ दिसायची. एक दिवस पिंप सरकवला. खाली बोटभर जाडीचा काळा थर, वरून कोरडा आणि आतून चिंब. काडीने उकरला तर आत पिवळसर पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या, शेकडो. सहा फुटांवर चांदणी पाय आपटत उभी होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

तेव्हा आठवड्यातून एकदा पागेतली प्रत्येक हलवता येणारी वस्तू हलवा : पिंप, चाऱ्याची पेटी, खोगीर ठेवायची घडवंची. गव्हाणीच्या बुडाशी, दाराच्या उंबऱ्याच्या फटीत, गटाराच्या तोंडाशी हात घाला. ओलं लागलं की ते खरवडून बाहेर काढा.

आठवडाच का? मुंबईच्या उष्ण हवेत घरमाशी अंड्यापासून पंखापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होते. चावरीला साधारण तीन आठवडे लागतात. दर आठवड्याला साफसफाई झाली तर दोघींचीही पुढची पिढी पंख फुटायच्या आत बाहेर जाते. एकदा खंड पडला की पुन्हा तीन आठवडे माघारी.

लीद सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा उचला. लगेच गाडी येत नसेल तर ढीग जाड काळ्या प्लास्टिकने झाका आणि कडा विटांनी दाबा. आत कुजताना उष्णता वाढते, अळ्या मरतात आणि वरून पाऊसही लागत नाही. उघडा, भिजलेला ढीग पागेच्या दाराशी ठेवू नका.

पावसाळ्यात रोज पाइप लावून पागा धुणं मला पटत नाही. उतार नीट नसेल तर ते पाणी फटीत बसतं आणि तुम्हीच अळ्यांना ओल देता. कोरडं झाडा, ओला भाग उचला, जमीन वाळू द्या, मगच ताजा पेंढा पसरा. तोही जुलै-ऑगस्टमध्ये नेहमीपेक्षा पातळ.

दुसरी पायरी : पाणी आणि वारा

पिंप आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करून आतून घासा. डासांची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर जात नाहीत. छपरावरचे टायर, फुटक्या बादल्या आणि ताडपत्रीच्या खळग्यात साचलेलं पाणीही बघा.

मग पंखा. चिलटं आणि डास दुबळे उडणारे असतात, जोरदार वाऱ्यात त्यांना घोड्यावर उतरता येत नाही. संध्याकाळी पाच ते आठ आणि पहाटे उजाडताना पंखा घोड्याच्या पोटाच्या आणि पायांच्या उंचीवर वारा जाईल असा लावा. वायर घोड्याच्या तोंडाला, पायाला किंवा पाण्याला कुठेच लागता कामा नये. उंचावरून नळीतून न्या, जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दमट उकाड्यात घोड्यालाही बरं वाटतं.

कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करायची आपल्याकडे जुनी रीत आहे. मोकळ्या अंगणात, वाऱ्याच्या बाजूला, थोडा वेळ ठीक. बंद पागेत करू नका, घोड्याची फुप्फुसं फार नाजूक असतात आणि धुराने त्याला कायमची धाप लागू शकते. गुळाच्या पाण्याचे सापळे घरमाश्या धरतात. चावरी माशी रक्तावर जगते, ती गुळाला भुलत नाही.

तिसरी पायरी : अंगावर काही चढवा

डोळ्यांसाठी जाळीचा मुखवटा मिळतो. नसेल तर कपाळपट्टीला सुती दोऱ्यांची झालर लावा, मान हलली की ती डोळ्यांवरून फिरते. मुखवटा रोज काढून आतून पुसा, कारण घामाने आत पुरळ येतं. रात्री काढून ठेवा.

शेपूट ही घोड्याची स्वतःची चवरी आहे. वरातीसाठी ती गोंडे लावून, गाठ मारून बांधतात. वरात संपली की घरी यायच्या आधीच सोडा. मी रात्रभर बांधून ठेवलेल्या शेपटीची घोडी पाहिली आहे, तिला कंबर हलवण्याखेरीज काही करता येत नव्हतं. आयाळ, कपाळावरची झुलपं आणि कानाच्या आतले केस कापू नका, कानातले केस चिलटांना अडवतात.

झूल घालायची तर पातळ, फिकट रंगाची, जाळीची. मुंबईच्या हवेत जाड कापड घातलं तर घामाने कातडी खराब होते. पट्ट्यापट्ट्यांची झूल मिळाली तर उत्तम. २०१९ साली इंग्लंडमध्ये संशोधकांनी घोड्यांना झेब्र्यासारख्या पट्ट्यांची झूल घालून पाहिलं, तेव्हा पट्ट्यांवर घोडमाश्या फारच कमी उतरल्या. उघड्या डोक्यावर मात्र त्या नेहमीइतक्याच बसल्या. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तर चावणाऱ्या माश्या निम्म्यावर आल्या.

चौथी पायरी : तेल आणि औषध

आधी घाम धुवा, अंग वाळू द्या, खरारा करा. घामट अंगावर मारलेलं औषध टिकत नाही.

घरगुती उपाय म्हणून वीस चमचे खोबरेलात एक चमचा कडुनिंबाचं तेल मिसळून पायांना आणि पोटाखाली पातळ हात फिरवा. पहिल्यांदा मानेवर रुपयाएवढ्या जागी लावून एक दिवस थांबा, सूज आली तर वापरू नका. संध्याकाळी लावा, भर उन्हात नको. वास गेला की परिणामही गेला.

परमेथ्रिनसारखी फवारणीची औषधं पशुवैद्यांना विचारून, लेबलवरच्या मापानेच वापरा. तोंडावर फवारू नका, कापडावर घेऊन पुसा. जखमेवर आणि खोगिराखाली नको. पागेत मांजर असेल तर औषध सुकेपर्यंत तिला लांब ठेवा, परमेथ्रिन मांजराला विषारी आहे.

हे ठळक अक्षरांत वाचा : अमिट्राझ घोड्याला कधीही लावू नका. गाई-म्हशींच्या गोचिडांसाठी ते सर्रास विकलं जातं. घोड्याचं आतडं त्याने मंदावतं, पोटात गच्च साठतं आणि पोटशूळ उठतो. मला एका दुकानात तीच बाटली "सगळ्या जनावरांना चालते" म्हणून दिली होती. घरी येऊन बारीक अक्षरं वाचली म्हणून चांदणी वाचली. रॉकेल, फिनेल, इंजिनचं जुनं ऑइल यांतलंही काही कातडीला लावू नका.

रोज संध्याकाळी पाच मिनिटं

खरारा करताना डोळे उघडे ठेवा. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला, केसांना चिकटलेले बारीक पिवळे दाणे दिसले तर ती बॉट माशीची अंडी. घोडा पाय चाटतो, अळ्या तोंडातून जठरात जातात आणि तिथे महिनोन्महिने चिकटून राहतात. बोथट सुरीने ती खरवडून काढा, हात साबणाने धुवा आणि पशुवैद्यांना जंताच्या औषधाबद्दल विचारा. डोळे पुसताना दोन डोळ्यांना दोन वेगळे फडके. जखम उघडी ठेवू नका, पावसाळ्यात एका दिवसात तिच्यात अळ्या पडतात. पडल्याच तर घरी उकरत बसू नका.

चावऱ्या माश्यांमुळे मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सर्रा या रोगाची. घोडमाशी एका जनावराचं रक्त पिता पिता उडून दुसऱ्याला चावते आणि रक्तातला परजीवी पोचवते. शेजारी म्हशींचा तबेला असेल तर जास्त जपा, म्हशीत तो लपून राहू शकतो. घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. अंग खंगतं, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, हिरड्या फिक्या पडतात. उपचार वेळेवर झाले नाहीत तर घोडा जातो.

म्हणून थर्मामीटर पागेतच ठेवा. निरोगी घोड्याचं तापमान ९९.५ ते १०१.५ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. पावसाळ्यात रोज सकाळी मोजून वहीत लिहा. दोनदा जास्त आलं तर थांबू नका, ताप असतानाच रक्त तपासायला द्या, कारण परजीवी तेव्हाच रक्तात सापडण्याची शक्यता जास्त असते. परळला १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथेच आपलं बैलघोडा हॉस्पिटल. जाताना ती वही सोबत न्या.

चांदणीचा पिंप आता चार विटांवर ठेवलाय, खालून झाडू आरपार जातो. दसऱ्याला तिची पूजा केली त्या सकाळी मी पुन्हा एक मिनिट मोजलं. तीनदा पाय आपटला, आणि तोबरा रिकामा केला.